वारा मंद, म्हणून शीड मोठे?

वारा कमी असला तर शीड मोठे घ्यावे, ही गोष्ट कोणालाही चटकन पटण्यासारखी आहे. उन्हाळ्यात उकडू लागले की आपण मोठा पंखा शोधतो, तहान जास्त लागली की मोठा पेला घेतो; मग मंद वाऱ्यासाठी मोठे शीड का नको? पुष्कळ नवशिके असाच विचार करतात, आणि त्यांना उपदेश करणारेही पुष्कळदा हेच सांगतात. माझे मत मात्र निराळे आहे. वल्ह्याच्या फळीवर शीड लावून मंद वाऱ्यात फिरायचे असेल, आणि फिरणारा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर मोठे शीड ही बहुधा चुकीची निवड ठरते. हे मत केवळ आवडीनिवडीचे नाही. नववी-दहावीच्या गणिताने आणि भौतिकशास्त्राने ते तपासून पाहता येते. म्हणून हा लेख वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक आकडा स्वतः करून पाहा.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. पॅडलबोर्ड म्हणजे जिच्यावर उभे राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मागे लोटीत जाता येते, अशी सुमारे तीन मीटर लांबीची रुंद तरंगती फळी. विंडसर्फिंगमध्ये अशाच एका फळीवर डोलकाठी आणि शीड बसवलेले असते. होडीच्या डोलकाठीत आणि या डोलकाठीत एक महत्त्वाचा फरक आहे. होडीची डोलकाठी घट्ट रोवलेली असते. ही डोलकाठी मात्र बुडाशी असलेल्या लवचीक सांध्यामुळे कोणत्याही दिशेला कलते. तिला उभी धरण्याचे काम फळीवर उभ्या असलेल्या माणसाचे. तो शिडाला लावलेली आडवी दांडी दोन्ही हातांनी धरतो, शीड पुढेमागे कलवून दिशा बदलतो आणि आपल्या शरीराच्या भाराने वाऱ्याचा जोर तोलून धरतो. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

या खेळाचा इतिहासही विद्यार्थ्यांना आवडेल असा आहे. इंग्लंडमधील पीटर चिल्व्हर्स याने 1958 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, फळीवर शीड लावून पाहिले. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी 1964 मध्ये आपली शिडाची फळी बनवली आणि तिची माहिती ऑगस्ट 1965 मध्ये 'पॉप्युलर सायन्स' या मासिकात छापली. पुढे जिम ड्रेक आणि हॉईल श्वाइट्झर यांनी आजच्या रूपाच्या जवळ जाणारी रचना तयार केली. तिचा एकस्वाचा अर्ज 1968 चा आहे आणि एकस्व मिळाले ते 1970 मध्ये. या एकस्वावरून इंग्लंडमध्ये खटला चालला तेव्हा न्यायालयाने त्या बारा वर्षांच्या मुलाचा प्रयोग ग्राह्य धरला आणि तेथील एकस्व टिकले नाही! 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये खेळला जातो.

वर्गाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिडावर वाऱ्याचा जोर किती पडतो? तो मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : शिडाचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. क्षेत्रफळ दुप्पट केले तर जोर दुप्पट होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर मात्र जोर दुप्पट होत नाही. तो चौपट होतो. कारण दर सेकंदाला शिडावर येणारी हवाही दुप्पट असते आणि तिचा प्रत्येक कण दुप्पट वेगाने येतो. दोन गुणिले दोन, म्हणजे चार. जोर हा क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात बदलतो.

आकडे घालून पाहू. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे 1.2 किलोग्रॅम असते. सेकंदाला 3 मीटर, म्हणजे तासाला सुमारे 11 किलोमीटर वेगाचा मंद वारा घेतला तर दर चौरस मीटरला ढोबळमानाने 5.4 न्यूटन जोर मिळतो. म्हणजे 4 चौरस मीटरच्या शिडावर सुमारे 22 न्यूटन, किंवा 2.2 किलोग्रॅम भार. 6 चौरस मीटरचे शीड घेतले तर 3.3 किलोग्रॅम भार. शिडाचा बाक आणि वाऱ्याशी त्याचा कोन यांप्रमाणे हे आकडे कमीअधिक होतील. परंतु दोन शिडांची तुलना करण्यास ते पुरेसे आहेत.

दीडपट मोठे शीड घेऊन आपण दीडपट जोर मिळवला. ठीक. पण लहान शिडाला तेवढाच जोर मिळण्यासाठी वारा किती वाढावा लागेल? दीडचे वर्गमूळ 1.22. म्हणजे वारा तासाला 11 किलोमीटरवरून सुमारे 13 किलोमीटरवर गेला की पुरे! मोठ्या शिडाने जे दिले ते वाऱ्याच्या एका किरकोळ चढाने फुकट मिळते. आणि दुपारचा वारा असा चढउतार क्षणोक्षणी करीतच असतो.

आता उलट बाजू पाहा. त्याच दुपारी एक झुळूक सेकंदाला 6 मीटर वेगाने आली. वेग दुप्पट, म्हणून जोर चौपट. 4 चौरस मीटरच्या शिडावर तो 8.8 किलोग्रॅम भार होतो, तर 6 चौरस मीटरच्या शिडावर 13.2. मंद वाऱ्यात दोन शिडांमधील फरक जेमतेम 1.1 किलोग्रॅम होता. झुळुकीत तो 4.4 किलोग्रॅम झाला. मोठे शीड वारा नसताना थोडे देते आणि वारा आल्यावर पुष्कळ मागते. पुस्तकात लिहिलेला वर्ग पाण्यावर असा भेटतो.

पाणी किती सोडते?

कोणी म्हणेल, "जोर दीडपट झाला ना? मग वेगही दीडपट होईल." तसे होत नाही. हवेप्रमाणे पाण्याचा विरोधही वेगाबरोबर वाढतो आणि तोही सुमारे वेगाच्या वर्गाने. म्हणून दीडपट जोराने फार तर 1.22 पट वेग मिळतो. लहान शिडाने फळी तासाला 4 किलोमीटर जात असेल, तर मोठ्या शिडाने ती 4.9 किलोमीटर जाईल. हा झाला जास्तीत जास्त लाभ.

फळी आणखी वेगाने जाऊ लागली की दुसरीच अडचण उभी राहते. पाणी कापीत जाणारी प्रत्येक वस्तू आपल्याभोवती लाटा उठवते. वेग वाढला की या लाटा लांब होतात, आणि लाटेची लांबी फळीच्या लांबीएवढी झाली की फळी आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने 1872 पासून या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. ही मर्यादा काढण्याचे सूत्र सोपे आहे : मीटरमधील लांबीचे वर्गमूळ घ्या आणि त्याला 1.25 ने गुणा. उत्तर दर सेकंदाला मीटरमध्ये येते. आपली फळी 3.2 मीटर लांब असेल तर उत्तर 2.24 येते, म्हणजे तासाला सुमारे 8 किलोमीटर. स्पर्धेच्या खास फळ्या पुरेसा वारा मिळाला की ही लाट ओलांडून पाण्यावरून घसरत जातात. हवा भरून फुगवलेली वल्ह्याची फळी मात्र मऊ आणि किंचित लवणारी असते. मंद वाऱ्यात ती घसरू लागत नाही. तिच्यावर मोठे शीड चढवणे म्हणजे बैलगाडीला आणखी एक बैल जोडून ती मोटारीइतकी पळेल असे समजणे होय.

याहून महत्त्वाची गोष्ट फळीच्या बुडाशी असते. शिडावरचा जोर फळीला जसा पुढे नेतो तसा आडवाही ढकलतो. हा आडवा ढकल रोखण्यासाठी बुडाच्या मध्यभागी एक उभे पाते असावे लागते. साध्या वल्ह्याच्या फळीला पुष्कळदा फक्त शेपटाकडे लहानसे पाते असते. अशा फळीवर शीड मोठे केले की आडवे वाहत जाणेही वाढते, आणि निघालो त्या जागी परत येणे कठीण होते. तेव्हा पैसे खर्च करायचेच असतील तर मोठ्या शिडावर करण्यापूर्वी मधल्या पात्यावर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोण?

शीड तोलून धरणारा माणूस हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यातील वजन आहे. येथे तरफेचा नियम लागू होतो : भार गुणिले अंतर. 4 चौरस मीटरच्या शिडावरचा जोर फळीपासून सुमारे 1.6 मीटर उंचीवर एकवटला आहे असे धरू; 6 चौरस मीटरचे शीड उंच असल्याने तेथे 1.9 मीटर धरू. सेकंदाला 6 मीटरची झुळूक आली, की लहान शिडाचा आघूर्ण 8.8 गुणिले 1.6, म्हणजे सुमारे 14 किलोग्रॅम-मीटर होतो, मोठ्याचा 13.2 गुणिले 1.9, म्हणजे सुमारे 25. मोठे शीड दोन्ही बाजूंनी वाढते, जोराने आणि उंचीनेही. त्यामुळे क्षेत्रफळ दीडपट झाले तरी तोल सांभाळण्याचे काम जवळजवळ 1.8 पट झाले.

आता फळीवर 45 किलोग्रॅम वजनाची नववीतील मुलगी उभी आहे असे समजा. 14 किलोग्रॅम-मीटर तोलण्यासाठी तिला आपला गुरुत्वमध्य पायांपासून 14 भागिले 45, म्हणजे सुमारे 31 सेंटिमीटर मागे न्यावा लागेल. शरीर साधारण 20 अंश कलले की हे साधते. थोड्या सरावाने कोणालाही जमेल. मोठ्या शिडाला मात्र 56 सेंटिमीटर लागतील, म्हणजे शरीर सुमारे 40 अंश कलवायला हवे. डुलणाऱ्या फळीवर, नवशिक्या मुलीने, आणि तेही झुळूक कोणत्याही क्षणी थांबणार असताना! झुळूक थांबली की ती पाठीवर पाण्यात पडणार. मग पाण्यावर पसरलेले, वरून पाण्याने दाबलेले ते मोठे शीड दोराने ओढून पुन्हा उभे करायचे. हे चार वेळा झाले की दंड भरून येतात, आणि दमलेल्या माणसाचा निर्णय बिघडतो. पाण्यावर धोका तेथून सुरू होतो.

हाच हिशेब 75 किलोग्रॅम वजनाच्या प्रौढ माणसासाठी करा. 25 भागिले 75, म्हणजे 33 सेंटिमीटर. प्रौढाला 6 चौरस मीटरचे शीड जेवढे जड, जवळजवळ तेवढेच 45 किलोग्रॅमच्या मुलीला 4 चौरस मीटरचे. म्हणून "काकांनी घेतले तेच मीही घेतो" हे येथे चालत नाही. मंद वाऱ्यासाठी शाळकरी मुलाने साडेतीन ते साडेचार आणि प्रौढाने साडेपाच ते साडेसहा चौरस मीटरच्या आसपास राहावे, असे मी या गणितावरून सुचवीन.

आंग्र्यांच्या आरमाराचे उत्तर

मग वारा अगदीच पडला तर काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वीच दिलेले आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात दोन प्रकारची जहाजे मुख्य होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे मोठे जहाज; गलबत हे हलके, शीड आणि वल्ही या दोहोंवर चालणारे. मोठ्या गलबतावर चाळीस-पन्नास वल्हेकरी असत. वारा पडला म्हणजे गुराबांवर आणखी शिडे चढवून वाट पाहत बसण्याऐवजी गलबते त्यांना दोर लावून ओढीत नेत. शिडावरच अवलंबून असलेली परकी जहाजे जागच्या जागी डोलत असताना आंग्र्यांची जहाजे वल्ह्यांच्या बळावर हवी तेथे जात.

अरबी समुद्रातील शिडाच्या व्यापारी जहाजांवरही ही जाण होती. त्यांची तिरकी शिडे चालू वाऱ्यात लहान करणे सोयीचे नसे. म्हणून एकाहून अधिक मापांची शिडे बरोबर ठेवीत आणि वाऱ्याचा रंग पाहून बदलीत. विंडसर्फिंगचे शीडही पाण्यावर असताना लहान करता येत नाही. शिवाय आपण दुसरे शीड बरोबर नेऊ शकत नाही. जे नेले त्यावरच परत यायचे असते.

आपल्या फळीचे नावच वल्ह्यावरून पडलेले आहे. साधा सराव असलेला मुलगा वल्ह्याने तासाला चार-पाच किलोमीटर सहज जातो. वर काढलेला मंद वाऱ्यातील शिडाचा वेगही तेवढाच होता. म्हणजे अगदी मंद वाऱ्यात मोठ्या शिडाला उत्तम पर्याय फळीवर बांधलेले वल्हे हाच आहे. वारा गेला की शीड गुंडाळावे आणि वल्हे हातात घ्यावे. ही हार नव्हे; आपल्या दर्यावर्दी पूर्वजांची रीतच आहे.

खारघरचा वारा, पनवेलची खाडी

आता हा सारा विचार एका ठिकाणी नेऊन पाहू. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि नव्या मुंबईच्या आराखड्यात खारघर वसले. एका अंगाला टेकडी आणि दुसऱ्या अंगाला पनवेलच्या खाडीचा परिसर, अशी या गावाची ठेवण आहे. पनवेल हे खाडीवरचे जुने बंदर. शिडाची गलबते मुंबईचा माल घेऊन येथवर येत. आज खारघरच्या उंच इमारतींत राहणाऱ्या किती विद्यार्थ्यांना खाडीच्या आजच्या भरतीची वेळ सांगता येईल?

भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा येतो. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. खाडीच्या पलीकडच्या नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. त्याची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. विमाने वाऱ्याच्या समोर उतरतात हे ठाऊक असेल तर त्या धावपट्टीकडे पाहूनही या प्रदेशातील वाऱ्याची मुख्य दिशा ओळखता येते.

खारघर खुल्या समुद्रापासून पंचवीसेक किलोमीटर आत आहे, आणि वाटेत मुंबई शहर, बंदर, टेकड्या व इमारती आहेत. अडथळ्याच्या पाठीमागे वारा त्याच्या उंचीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक अंतरापर्यंत विस्कटलेला राहतो. 60 मीटर उंचीची इमारत घेतली तर निदान 600 मीटर. अशा विस्कटलेल्या वाऱ्यात सरासरी वेग कमी असतो, पण झुळुकी मात्र अवचित आणि जोरदार येतात. म्हणजे मोठ्या शिडाला मोह पाडणारी आणि मोठ्या शिडाला शिक्षा करणारी हवा एकच!

त्यात भरती-ओहोटी आली. समजा, ओहोटीचा प्रवाह तासाला 3 किलोमीटर आहे आणि आपली फळी तासाला 4 किलोमीटर जाते. प्रवाहाविरुद्ध एक किलोमीटर परत येण्यास पुरा एक तास लागेल. मोठे शीड घेऊन वेग 4.9 केला तर सुमारे 32 मिनिटे. आणि भरती सुरू होईल अशा बेताने निघालो, म्हणजे परतताना तोच प्रवाह मागून लोटू लागला, तर? 4 अधिक 3, म्हणजे 7 किलोमीटर. फक्त 9 मिनिटे! मोठ्या शिडाने वाचवली 28 मिनिटे, भरतीच्या ज्ञानाने 51. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे लागतात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. खाडीकाठच्या कोळ्याच्या घरात हे पंचांगाइतके पाठ असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीची भांगाची भरती यांतला फरक तेथील लहान मूलही सांगते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असता नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत अशाच अनुभवातून आली आहे.

पहाटेचा मतलई वारा आणि त्याच वेळी ओहोटी, असा योग आला तर दोन्ही फळीला एकाच दिशेने, खुल्या बंदराकडे नेतात. अशा वेळी पाण्यावर जाऊच नये, शीड कोणतेही असो. येथे आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. हा लेख वाचून कोणी पनवेलच्या खाडीत फळी टाकू नये. तेथील चिखल, तिवरांची मुळे, मोठ्या होड्यांची ये-जा आणि शहर व कारखान्यांचे सांडपाणी पाहता ती नवशिक्याची जागा नव्हे. शिकायचे तर जाणत्या शिक्षकाजवळ, सुरक्षित पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालूनच. खाडीकाठी उभे राहून निरीक्षण करायला मात्र कोणाची आडकाठी नाही.

दुसरी बाजू

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप घेता येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. ऑलिंपिकमध्ये 2008 पासून टोकियोपर्यंत जो प्रकार खेळला गेला त्यात पुरुषांचे शीड 9.5 आणि स्त्रियांचे 8.5 चौरस मीटरचे होते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नव्या प्रकारातही ती अनुक्रमे 9 आणि 8 चौरस मीटरची होती. जगातील उत्तम खेळाडू एवढी मोठी शिडे वापरतात, मग आपण का नाही?

उत्तर असे, की त्यांची फळी वेगळी, शरीर वेगळे आणि हेतू वेगळा. पॅरिसमधील फळ्या तर पाण्याखालच्या पंखांच्या आधाराने पाण्याबाहेर उचलल्या जात. लाटेची मर्यादा त्यांना बाधतच नव्हती. ते खेळाडू वर्षानुवर्षे तयारी केलेले असतात आणि शर्यतीच्या वेळी मदतीच्या होड्या जवळ असतात. जेथे फळी पाण्यावरून घसरू शकते तेथे मोठे शीड खरोखरच उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. वजनदार, अनुभवी माणसाने शांत सरोवरात रुंद, कडक फळीवर मोठे शीड लावले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. माझा विरोध मोठ्या शिडाला नाही; "वारा मंद, म्हणून मोठे" या आंधळ्या नियमाला आहे.

वारा मोजून पाहा

नियम आंधळा नको असेल तर वारा मोजला पाहिजे. 1805 मध्ये फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने वाऱ्याचे जे माप बांधले, ते मुळात जहाजाची चाल आणि त्यावर किती शिडे ठेवता येतील यांवरूनच. पुढे त्यात जमिनीवरील खुणा आल्या. तासाला 6 ते 11 किलोमीटरचा वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पाने सळसळतात. 12 ते 19 किलोमीटरला पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात आणि हलके निशाण पसरते. 20 ते 28 किलोमीटरला धूळ आणि कागदाचे कपटे उडतात. मात्र पिंपळाकडे पाहून अंदाज बांधू नका! लांब देठामुळे त्याची पाने वारा नसल्यासारखा असतानाही हलतात. आंब्याची पाने अधिक भरवशाची.

यापेक्षा अचूक साधन तुम्ही घरी करू शकता. टेबल-टेनिसचा चेंडू 30 सेंटिमीटर लांब बारीक दोऱ्याला चिकटवा आणि दोऱ्याचे दुसरे टोक कोनमापकाच्या मध्यबिंदूला बांधा. कोनमापक उलटा, सरळ कड वर येईल असा, वाऱ्याच्या दिशेला समांतर धरा. दोरा उभ्या रेषेपासून किती अंश कलला ते पाहा. सेकंदाला 3 मीटर वाऱ्यात तो सुमारे 7 अंश, 5 मीटरला 18, 6 मीटरला 26 आणि 8 मीटरला 40 अंश कलतो. चेंडूचे वजन 2.7 ग्रॅम आणि व्यास 40 मिलिमीटर धरून हे आकडे काढले आहेत; वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ते पडताळून पाहावेत. रोज दुपारी ठराविक वेळी दहा मिनिटे निरीक्षण करा आणि दोन आकडे लिहा : सरासरी कोन आणि सर्वांत मोठा कोन.

हा दुसरा आकडा विसरू नका. माझ्या साऱ्या म्हणण्याचे सार त्यातच आहे. शीड निवडायचे ते सरासरी वाऱ्यावरून नव्हे, तर फेरफटक्यात येऊ शकणाऱ्या सर्वांत जोरदार झुळुकीवरून, आणि ते धरणाऱ्याच्या वजनावरून. त्या झुळुकीत जे शीड तुम्हांला उभे धरता येईल आणि पडल्यावर पाण्यातून निदान दहा वेळा उचलता येईल, ते तुमचे शीड. उरलेली कसर वल्ह्याने आणि भरतीच्या वेळेने भरून काढावी.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात आपण वेगाचा वर्ग, तरफेचा नियम, सापेक्ष वेग आणि खारे-मतलई वारे हे चार वेगवेगळ्या दिवशी, चार वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो. शिडाचा हा एक प्रश्न त्या चौघांना एकत्र बोलावतो. खारघर, पनवेल, उरण, अलिबाग, मालवण अशा खाडी-समुद्राकाठच्या शाळांनी वर्षभर वाऱ्याची आणि भरतीची नोंदवही ठेवावी. मुलांनी जवळच्या कोळीवाड्यातील वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यात त्यांच्या खुणा लिहाव्यात आणि आपल्या चेंडूच्या मापाशी त्या ताडून पाहाव्यात. आपल्या अंगणात आलेले पाणी आणि वारा यांना न ओळखणारी पिढी खाडीकाठी वाढणे हे काही भूषण नव्हे. त्या नोंदवहीतून एखादा विद्यार्थी माझे वरचे आकडे चुकीचे ठरवून दाखवील, तर ते या पानांसाठी सर्वांत चांगले उत्तर होईल.